मित्र आणि ऑफिसातली मंडळी मिळून गट सुरू करायचा आहे. टिकवायचा कसा?

रानजाई

नमस्कार मंडळी,

ऑफिसातल्या काही जणी आणि कॉलेजपासूनचे मित्रमैत्रिणी मिळून एक गट सुरू करायचं मनात आहे. सगळे पुण्यातच, पण कोणी वाकडला, कोणी सिंहगड रोडला, दोघं पार हडपसरच्या पलीकडे. महिन्यातून एकदा भेटायचं आणि एकत्र काहीतरी करायचं. कधी पुस्तकावर बोलायचं, कधी वेताळ टेकडी चढायची, कधी एखाद्याला जे येतं ते बाकीच्यांनी शिकायचं.

माझं मत आधी सांगते. चाळिशीनंतर नवी मैत्री होत नाही असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. शाळा-कॉलेजात तीच माणसं रोज समोर यायची, त्यामुळे काही ठरवावं लागत नव्हतं. आता ठरवावं लागतं, इतकाच फरक. आणि ठरवून जमवलेल्या मैत्रीत काही कमी असतं असं मला वाटत नाही. फोनमध्ये सोसायटीचा, शाळेच्या पालकांचा, ऑफिसचा असे ग्रुप ढीगभर आहेत. पण अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर त्यातल्या किती जणांना फोन करता येईल?

ज्यांनी असे गट सुरू केलेत आणि वर्षानुवर्षं चालवलेत त्यांनी अनुभव सांगा. सुरुवातीला किती माणसं असावीत? ऑफिसातली आणि बाहेरची एकत्र आणावीत का? पैशाचं काय करता, आणि भेटता कुठे?

घाटवाट

छान विषय. आमचा डोंगर भटकणाऱ्यांचा गट आहे, दोन ऑफिसांतले लोक आणि त्यांचे मित्र मिळून झालेला. टिकला त्याचं कारण एकच: महिन्याचा दुसरा रविवार. पाऊस असो, मॅच असो, कोणाच्या मेहुण्याचं लग्न असो, दुसऱ्या रविवारी जो शिवाजीनगर स्टेशनवर पहाटेच्या लोणावळा लोकलला हजर तो आला. "कधी भेटायचं?" हा प्रश्न आमच्याकडे विचारला जात नाही. तारखेवर मतं मागायला लागलात की सगळ्यांना जमेल असा दिवस सापडतच नाही, आणि दोन महिन्यांत गट संपतो.

पावसाळ्यात लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाची, हिवाळ्यात लांबचं काहीतरी. एक जण पुढे, एक बॅकलीड. बॅकलीडच्या मागे कोणी राहायचं नाही. प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडेच, आणि प्रत्येक थांब्यावर डोकी तोच मोजतो. हे काम दर वेळी नव्या माणसाला देतो. मागून चालताना दमलेल्या माणसाशी बोलणं होतं, आणि गटातल्या बहुतेक ओळखी तिथेच पक्क्या झाल्या आहेत.

उंबराचं_फूल

ठरलेल्या दिवसाला +१००. दिवस हलला की गट हलला.

मधली_सुट्टी

मी वेगळं मत मांडतो. ऑफिसातली माणसं आणि मित्र एकत्र आणू नका.

आमचा शुक्रवार संध्याकाळचा कट्टा होता, एका टीममधले पाच-सहा आणि बाहेरचे तीन-चार. वर्षभर उत्तम चालला. मग आमच्यातल्याच एकाला बढती मिळाली आणि तो बाकीच्यांचा मॅनेजर झाला. माणूस चांगला, आजही माझा मित्र आहे. पण त्याच्यासमोर नोकरी शोधतोय हे कोणी बोलेना, रजेचं खरं कारण कोणी सांगेना. हळूहळू सगळे हवापाण्याच्या गप्पांवर आले, आणि बाहेरच्यांना कळेना की अचानक काय झालं. अप्रेझलच्या महिन्यात तर लोक तोंड चुकवायला लागले.

ज्याच्या हातात आपली पगारवाढ आहे त्याच्यासमोर मोकळं होता येत नाही. यात कोणाचा दोष नाही, पण ते तसंच आहे.

सायडिंग

मधली_सुट्टी, तुमचं दुखणं समजलं, पण निष्कर्ष पटला नाही. मी कल्याणहून सीएसएमटीला जाणाऱ्या एका सकाळच्या जलद लोकलमध्ये अर्धं आयुष्य काढलं. आमच्या डब्यात भजनी मंडळ होतं. बँकेतले, मंत्रालयातले, बंदरातले, खासगी कंपन्यांतले, सगळे. काही एकाच ऑफिसातले, अगदी साहेब आणि क्लार्कसुद्धा. टाळ हातात आला की साहेब कोरसमध्ये, कारण त्यांना सूर लागायचा नाही, आणि क्लार्क मुख्य गायक. दादरला उतरेपर्यंत हाच क्रम.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा सजवायचो. झेंडूची तोरणं, देवीचा फोटो, आरती, मोटरमनला नारळ आणि पेढे. तोरणं करायला आदल्या रात्री एकाच्या घरी जमायचो, तिथे घरची मंडळीही ओळखीची झाली. एका सहप्रवाशाची कंपनी बंद पडली तेव्हा त्याला पुढची नोकरी याच डब्यातून मिळाली. तो दोन दिवस आला नाही म्हणून तिसऱ्या दिवशी दोघं त्याच्या घरी गेले होते, म्हणून कळलं. रोज दिसणारा माणूस दिसला नाही की चौकशीला जायचं, हे आमच्याकडे कोणी नियम म्हणून लिहिलं नव्हतं.

निवृत्त झालो तरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती गाडी पकडतोच.

पोह्यांची_बशी

अध्यक्ष कोण, कार्याध्यक्ष कोण, सल्लागार मंडळावर कोण ते आधी जाहीर करा. मग गट कशासाठी ते ठरवू. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजा.)

तिसरी_घंटा

मधली_सुट्टी आणि सायडिंग काका, दोघांचंही मला पटतं, आणि यातली मेख काकांच्याच प्रतिसादात आहे. मी पिंपरीतल्या कारखान्यात होतो. महाराष्ट्रात १९५३च्या कायद्यावर उभं असलेलं कामगार कल्याण मंडळ आहे, त्याची केंद्रं गावोगाव आहेत आणि त्यांची नाट्यस्पर्धा असते. आम्ही त्यासाठी नाटक बसवायचो. तीन पाळ्यांतली माणसं, त्यामुळे तालीम दुसरी पाळी सुटल्यावर, म्हणजे जवळजवळ मध्यरात्री. पहिल्या पाळीवाल्याला पहाटे उठायचं असायचं, तरी तो यायचा.

एका नाटकात आमचे शॉप सुपरवायझर हवालदार होते आणि हेल्पर मुलगा इन्स्पेक्टर. हेल्पर रोज रात्री सुपरवायझरला दरडावायचा, "पाय जुळवून उभा राहा!" सुरुवातीला त्याचा आवाजच फुटेना. दिग्दर्शक होता स्टोअर्समधला, त्याने सुपरवायझरनाच बाजूला घेतलं आणि सांगितलं, "साहेब, तुम्ही त्याला घाबरा, मग तो ओरडेल." आणि साहेब खरोखर घाबरायला शिकले. प्रयोगाला टाळ्या पडल्या त्या याच जागेला. कारखान्यात दुसऱ्या दिवशी साहेब साहेबच होते, पण त्या मुलाला हाक मारताना आवाज बदलला होता.

तेव्हा रानजाई, ऑफिसातली माणसं घ्या, पण नुसतं बसून गप्पा हा कार्यक्रम ठेवू नका. ऑफिसातली शिडी जिथे चालत नाही असं काहीतरी हातात द्या: नाटक, भजन, डोंगर, स्वयंपाक, बागकाम. गप्पा त्यातून निघतातच. नुसत्या गप्पा मारायला बसलं की माणसं ऑफिसातल्याच खुर्चीत बसतात.

मधली_सुट्टी

तिसरी_घंटा, हे मान्य. आमच्या कट्ट्यावर गप्पांशिवाय काहीच नव्हतं. तरी एक पथ्य पाळाच: ऑफिसच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गटाचं आमंत्रण टाकू नका. एकेकाला वेगळं विचारा. ग्रुपवर टाकलं की येणारा "न गेलो तर कसं दिसेल" म्हणून येतो.

अबोली_म्हापसा

वाचून आमच्याकडच्या कुडी आठवल्या. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावांचे क्लब आहेत, जेर महाल इमारतीत तर कितीतरी. एकेका गावची एकेक कूड. बोटीवर नोकरी करणारी माणसं बोट मिळेपर्यंत तिथे राहायची. आमच्या शेजारचे अंकल तरुणपणी महिनोन्महिने तिथे राहिलेले. ते सांगायचे की प्रत्येकाची एक पेटी भिंतीशी, झोपायला चटई, आणि संध्याकाळी ठरल्या वेळी वेदीसमोर सगळ्यांनी एकत्र प्रार्थना म्हणायची, त्यात सूट नाही. वर्गणी अगदी थोडी, पण ती द्यायचीच. पत्र आलं की ज्याचं त्याच्या पेटीवर ठेवायचं.

बोटीवर चढला की माणूस वर्ष वर्ष गायब, तरी त्याची पेटी तिथेच. परत आला की जागा आहेच. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या गटातही कोणी बाळंतपणात असेल, कोणाची आई आजारी असेल, कोणी परदेशी गेलं असेल. त्यांचं नाव काढू नका. वर्षाने आलं तरी "इतके दिवस कुठे होतीस?" असं टोचून विचारू नका.

घाटवाट

अबोली, हे लिहून ठेवलं. आमच्यात सलग तीनदा न आलेल्याला यादीतून काढायचा नियम होता. या रविवारी तो काढून टाकायचा ठराव मांडतो.

जमाखर्च

पैशाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. धंदाच तो आहे.

छोट्या गटांत भांडणं विचारांवरून होत नाहीत, हिशेबावरून होतात. आणि तीही मोठ्या रकमेवरून नाही. हॉटेलात दहा जण बसतात, बिल समान वाटतात, आणि दाल खिचडी खाणारा दर वेळी इतरांच्या व्हिस्कीचे पैसे भरतो. तो बोलत नाही, तो यायचा बंद होतो. उपाय सोपा आहे: दारूचं बिल वेगळं मागायचं, पहिल्याच दिवसापासून. वेटरला सांगितलं की तो देतो.

पैसे जमवणार असाल तर एकाच्या खासगी खात्यात साठवू नका. तो माणूस कितीही सरळ असला तरी उद्या त्याला काही झालं तर घरच्यांनी ते पैसे कोणाचे म्हणून समजायचे? खर्च लागेल तसा गोळा करा, हिशेबाचा फोटो त्याच दिवशी सगळ्यांना पाठवा आणि शिल्लक शून्यावर आणा.

भिशीबद्दलही सांगतो, कारण ऑफिसातल्या गटांची गाडी हमखास तिकडे वळते. चिट फंडांचा कायदा १९८२चा आहे आणि नोंदणीशिवाय चिट चालवायला त्यात मनाई आहे. ओळखीतली भिशी विश्वासावर चालते, आणि पहिला नंबर लागलेला माणूस नोकरी सोडून गेला की तो विश्वास कुठल्या कचेरीत दाखवणार? मैत्रीच्या गटात भिशी आणू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

खिडकीपाशी

भिशीवर इतका राग का? माझ्या आईची भिशी मी जन्मायच्या आधीपासूनची. तिच्या मैत्रिणी म्हणजे ती भिशीच. बाबा गेले तेव्हा आईचा नंबर नव्हता, तरी त्या महिन्याची पूर्ण रक्कम बायकांनी तिच्या हातात ठेवली, कोणीही न सुचवता. पैशाच्या निमित्ताने का होईना, दर महिन्याला एकमेकींच्या दारात पाऊल पडतं. नवऱ्याला "भिशीला जाते" सांगता येतं, "मैत्रिणींना भेटायला जाते" म्हटलं की कपाळाला आठ्या.

जमाखर्च

खिडकीपाशी, तुमच्या आईच्या भिशीला नमस्कार. त्या बायका आधीपासून एकमेकींना ओळखत होत्या आणि एकाच आळीत राहत होत्या. नव्याने जमलेल्या, नोकऱ्या बदलणाऱ्या माणसांबद्दल माझं म्हणणं कायम आहे.

दूरचा_दिवा

मी अमेरिकेत असतो. इथे संस्था भरपूर. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, इथलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं, आणि मोठ्या शहरांत आपापली मंडळं आहेत. गणपतीला हॉल भरतो, नाटक येतं, चकल्या मिळतात. त्या संस्थांचं काम मोठं आहे आणि मीही वर्गणीदार आहे. पण चारशे माणसांच्या हॉलमधून घरी आल्यावर पुष्कळदा एकटंच वाटायचं.

म्हणून आम्ही पाच घरांनी वेगळं भेटायला सुरुवात केली. त्या काळात याविषयी थोडं वाचलं होतं, ते उपयोगी पडेल. रॉबिन डनबर या मानववंशशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की माणसाला साधारण दीडशे माणसांशी नातं ठेवता येतं, आणि त्याच्या आत थर असतात: जवळची पाचेक, मग पंधरा, मग पन्नास. दुसरा अभ्यास कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा, २०१८चा. ओळखीच्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला पन्नासेक तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणायला नव्वदेक आणि जिवलग व्हायला दोनशेहून जास्त. महत्त्वाचं म्हणजे नुसत्या शेजारच्या टेबलावर काम केल्याचे तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत.

आता रानजाई, तुमचा हिशेब करा. महिन्यातून एकदा तीन तास म्हणजे वर्षाला ३६. जुजबी मैत्रीलाच जवळजवळ दीड वर्ष, तेही प्रत्येक वेळी प्रत्येक जण आला तर. दर पंधरा दिवसांनी भेटलात तर तेच आठ-नऊ महिन्यांत होतं. सुरुवातीचं एक वर्ष तरी महिन्यातून दोनदा भेटा असं मी आग्रहाने सांगेन.

घाटवाट

किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्कामी या. एका रात्रीत २४ तास जमा. थंडीत एका तंबूत चार जण झोपले की तासांचा भावही वाढतो!

उंबराचं_फूल

हडपसरच्या पलीकडून वाकडला जाऊन परत यायलाच जे तास लागतात ते धरायचे का? एकाच गाडीतून गेलात तर धरा. ते खरंच गप्पांचे तास आहेत.

सुगरण_नव्हे

सगळं वाचलं, फार चांगलं लिहिलंय सगळ्यांनी. पण एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. भेटायचं कोणाच्या घरी, आणि तिथे चहा कोण करणार?

आमचा पुस्तकांवर बोलणारा गट आळीपाळीने घरोघरी भेटायचा. पुरुषाच्या घरी भेट असली की त्याची बायको, जिचा गटाशी संबंध नाही, ती बटाटेवडे तळतेय. बाईच्या घरी असली की ती स्वतः. माझ्या घरी भेट होती तेव्हा मी ज्या पुस्तकासाठी महिनाभर टिपणं काढली होती त्यावर बाहेर चर्चा रंगली होती आणि मी आत आलं किसत होते. कोणीतरी माझाच मुद्दा मांडला आणि बाहेरून आवाज आला, "अगं, ऐकलंस का?" ऐकलं, पण बोलता आलं नाही.

त्यानंतर मी नियमच मांडला. खाणं बाहेरून, तेही एकच पदार्थ. चहा थर्मासमध्ये आणि पाहुण्यांपैकी दोघांनी करायचा, यजमानाने उठायचं नाही. काहींना तो कोरडेपणा वाटला. "पाहुणचार नको का?" मी म्हटलं, पाहुणचार हवा असेल तर नातेवाइकांकडे जा, इथे आपण पुस्तकासाठी येतो. पुढे आम्ही घरंच सोडली. आता एका ग्रंथालयाच्या रिकाम्या खोलीत भेटतो, आणि ज्या बायका आधी "घरात पसारा आहे" म्हणून टाळायच्या त्या नियमित येतात.

वेळेचंही बघा. रात्री साडेआठची भेट पुरुषांना सोयीची असते. रविवारी सकाळी किंवा शनिवारी दुपारी ठेवलीत तर बायकांना दिवसाउजेडी परत जाता येतं.

खिडकीपाशी

सुगरण_नव्हे, पूर्ण प्रतिसादाला अनुमोदन. "यजमानाने उठायचं नाही" हे आमच्याकडे आजच लागू.

तिसरी_घंटा

ताई, बरोबर बोललात. आमच्या तालमीचा चहा केंद्राबाहेरच्या टपरीवरून यायचा, म्हणून हा प्रश्न कधी लक्षातच आला नव्हता.

उमेदीची_वही

मी यवतमाळ जिल्ह्यात महिला बचत गटांबरोबर काम करते. तुमचा शहरातला मैत्रीचा गट वेगळा आहे हे कळतं, पण टिकण्याबद्दल आमच्या बायकांना जे माहीत आहे ते इथे सांगावंसं वाटलं.

बचत गटाची पंचसूत्री असते: नियमित बैठक, नियमित बचत, गटांतर्गत कर्ज, कर्जाची नियमित परतफेड आणि हिशेबाची नोंद. आता ती वाढून दशसूत्री झाली आहे, पण पहिला क्रमांक आजही बैठकीचाच. गट दहा ते वीस बायकांचा. बसायचं गोलात, म्हणजे कोणी मागे राहत नाही आणि कोणी पुढे होत नाही. पहिल्यांदा आलेली बाई नेहमी दाराजवळ, भिंतीला टेकून बसते. तिला गोलात घेणं हे पहिलं काम.

मग हजेरी. वहीत नाव, पुढे सही किंवा अंगठा. आमच्या एका गटात एक आजी होत्या, अंगठा द्यायच्या. शेजारच्या मुलीने त्यांना नाव लिहायला शिकवलं. पुढच्या बैठकीत त्यांनी सही करायला इतका वेळ घेतला की सगळ्या थांबल्या, आणि मग सगळ्यांनी ती वही हातोहात फिरवून पाहिली. वहीचा उपयोग नुसता हिशेबाला होत नाही.

उशिरा येणारीला दंड असतो, अगदी थोडा, पण घेतात. सचिवांनाही सोडत नाहीत. ठरावीक काळाने अध्यक्ष-सचिव बदलावेत असा आमचा आग्रह असतो. ज्या गटात एकाच बाईच्या हातात वर्षानुवर्षं वही राहते तो गट तिचा होतो, आणि ती आजारी पडली की बैठकही बंद पडते. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, गटांची पद्धत आता गावोगाव रुजली आहे, पण हा आजार अजून प्रत्येक तालुक्यात दिसतो.

रानजाई

धागा काढताना इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. उमेदीची_वही, आजींचं वाचून डोळे भरून आले.

तुमच्या मुद्द्यावरूनच विचारते. आमच्यात सगळं मीच करतेय. जागा मी बघतेय, निरोप मी पाठवतेय. सुरुवातीला कोणीतरी करायला हवंच ना? ते दुसऱ्यांकडे कधी आणि कसं द्यायचं?

उमेदीची_वही

ताई, दुसऱ्याच भेटीत द्या. सगळं नको, एकच काम. "पुढच्या वेळची जागा तू बघ" एवढंच. आणि तिने निवडलेली जागा तुम्हाला आवडली नाही तरी तिथेच जा.

सायडिंग

शेवटचं वाक्य सोन्यासारखं!

पोह्यांची_बशी

व्हॉट्सॅप ग्रुप काढायचा की नाही यावर कोणी बोलेल का? सध्या एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं बसतात, म्हणजे मनात आणलं तर अख्खी सोसायटी आणि तिचे पाहुणे.

जमाखर्च

काढा, पण फक्त निरोपांसाठी, आणि अॅडमिनशिवाय कोणाला लिहिता येणार नाही असं सेटिंग ठेवा. शुभ सकाळ, राजकारण आणि फॉरवर्ड केलेले उपाय यांनी चांगली माणसं दुरावतात.

अॅडमिन व्हायला काही लोक घाबरतात म्हणून सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधीचा कट नसेल तर, अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा निर्धास्त व्हा.

दूरचा_दिवा

नोंदणीबद्दलही सांगा ना. इथे आम्हाला हॉल घ्यायचा म्हटलं की संस्था नोंदलेली आहे का ते विचारतात.

जमाखर्च

महाराष्ट्रात साधारण असं: संस्था नोंदणीचा कायदा १८६०चा, त्यासाठी किमान सात जण लागतात. सोबत सार्वजनिक न्यासांचा १९५०चा कायदा लागू होतो, म्हणून दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. पुढे दरवर्षी लेखापरीक्षण, आणि पदाधिकारी बदलले की चेंज रिपोर्ट. हा रिपोर्ट वेळेवर न दिल्याने कागदोपत्री अजून वीस वर्षांपूर्वीचेच विश्वस्त असलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. देणग्या घ्यायच्या असतील किंवा जागा संस्थेच्या नावावर करायची असेल तरच या वाटेला जा. दहा मित्रांनी टेकडीवर जायला कुठलाही कागद लागत नाही.

घाटवाट

इथे एक भर. पैसे घेऊन अनोळखी लोकांना ट्रेकला नेणार असाल तर वेगळं प्रकरण आहे. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१चं आहे, नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी त्यात आहेत. मित्रांचा गट हळूहळू "येणार का, अमुक रुपये" वर येतो, तिथे थांबून विचार करा.

नवखा_नागपूर

पहिल्यांदाच लिहितोय. नोकरीनिमित्त पुण्यात आलो, इथे कोणीच ओळखीचं नाही. गट सुरू करायला आधी मित्र तर हवेत. माझ्यासारख्याने काय करावं?

सायडिंग

बाळा, मित्र नसले तरी चालतं. मुंबईत लोखंडवालाच्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी पहिला हास्यक्लब सुरू केला तेव्हा पाचच माणसं होती. आधी विनोद सांगून हसायचे. दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि आचरट सुरू झाले, तशा लोकांच्या तक्रारी आल्या. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं आणि तो प्रकार जगभर गेला. सांगायचं हे की पाच जण पुरतात आणि कार्यक्रम पुढे बदलता येतो. तू ऑफिसातल्या दोघांना विचार, ते एकेक जण आणतील.

तिसरी_घंटा

आणि नवखा, स्वतःचा गट होईपर्यंत दुसऱ्याच्या गटात काम माग. "मी येऊ का?" पेक्षा "मी सतरंज्या घालायला येऊ का?" असं विचार. नवीन माणसाला काम असलं की त्याला उगाच उभं राहावं लागत नाही.

सुगरण_नव्हे

पुस्तकांची आवड असेल तर एक सुचवते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा "ग्रंथ तुमच्या दारी" हा उपक्रम २००९पासून चालू आहे, विनायक रानडे यांनी सुरू केलेला. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते आणि काही महिन्यांनी बदलली जाते. पेटी घरी आली की पुस्तक न्यायला माणसं येतात, हे मी पाहिलंय. बिल्डिंगमध्ये ओळखी करायला याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

मधली_सुट्टी

रानजाई, मूळ प्रश्नाकडे येतो. वरचं सगळं वाचून माझं मत थोडं सरकलं आहे. ऑफिसातली माणसं घ्या, पण एकाच टीममधली, एकमेकांच्या हाताखालची नकोत. सुरुवात सहा-सात जणांनी. आणि मुदत ठेवा. "आपण कायमचा गट काढतोय" म्हटलं की लोक बिचकतात. "दिवाळीपर्यंत भेटू, मग बसून ठरवू" म्हटलं की हो म्हणतात. दिवाळीला कोणाला थांबायचं असेल तर त्याला अपराधी न वाटता थांबता आलं पाहिजे. गट बंद करणं हेही नीट व्हावं असं मला वाटतं. आमचा कट्टा तसा न होता नुसता विरत गेला, ते जास्त लागलं.

रानजाई

मधली_सुट्टी, मुदतीचं फार आवडलं. आम्ही आठ जण नक्की झालो आहोत, महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, दुपारी चार ते सात. पहिल्या भेटीत एक मैत्रीण सगळ्यांना पुस्तकबांधणी शिकवणार आहे. ती ऑफिसात माझ्या हाताखाली आहे, तेवढा तुमचा नियम मोडतेय, पण त्या दिवशी सुई-दोरा तिच्या हातात असेल आणि मी तिची विद्यार्थिनी असेन. एक शंका राहिली: दोघींची मुलं लहान आहेत. आणायची का?

खिडकीपाशी

जरूर आणू दे. नाहीतर त्या दोघी दोन भेटींनंतर यायच्या बंद होतील. मुलांकडे बघायला दर वेळी एक मोठा माणूस ठरवा, आणि तो आळीपाळीने, पुरुषही धरून.

घाटवाट

आमच्याकडे मुलं बॅकलीडसोबत चालतात. पुस्तकबांधणीला मुलांना वेगळा कागद आणि बोथट सुई द्या, त्यांचीही एक वही होईल.

नवखा_नागपूर

रानजाई ताई, आठात नववा चालेल का? मुलांकडे बघायचं काम पहिल्या भेटीत मी घेतो. भाचे सांभाळून सवय आहे.

रानजाई

नवखा, तुम्हाला वेगळा निरोप पाठवला आहे. तुमच्याशी आधी फोनवर बोलते आणि बाकीच्या सात जणांनाही विचारते, विशेषतः मुलांच्या आयांना. सगळ्यांचा होकार आला की जागेचा पत्ता कळवते. येताना जुन्या कॅलेंडरची जाड पानं असतील तर आणा, पुठ्ठ्यावर चिकटवायला लागणार आहेत.